क्रुसाच्या वळणावर थांबलेला ट्रक

१

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर तोंडं वाकडी करायला नकोत. दरीतल्या काहोन्सितो गावच्या चर्चमधून एका रविवारी सान इसिद्रो नाहीसा झाला. शेतकऱ्यांचा संत, लाकडाचा, पणज्यांच्या वेळेपासून त्याच कोनाड्यात उभा. त्याच सकाळी समोरच्या गॅरेजातून माझा ट्रक नाहीसा झाला. आणि ज्यानं दोन्ही नेले तो दरीबाहेर पडूच शकला नव्हता. चोर आमच्यातच होता, आमच्याच पातेल्यातलं खात होता. पण तुम्ही भाजलेल्या मिरच्या सोला, हात थांबवू नका. बर्निस, ते पोतं इकडं ओढ. गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या बाईला मिरचीचं पोतं जड झालं होय?

"टाक्या मी ट्रकनं वाहते, काका, पाठीवर नाही," बर्निस म्हणाली. "आणि तुमच्या गोष्टीत ट्रक आला की मला आधीच संशय येतो."

येऊ दे. ऐक.

त्या वर्षी चर्चच्या जत्रेत, सोडतीत, मला चार टायर लागले. एकेक टायर गाभण गाईएवढा. फुकटचं म्हणून बसवले आणि तिथंच फसलो. एवढी चाकं फिरवायची म्हणजे इंजिनाची छाती फुटायची वेळ. सपाटीला ठीक, चढ लागला की ट्रक धापा टाकायचा. आणि मला तर चढावरच काम होतं. माझी बायको ओफेलिया देवाघरी जाताना मला घेवड्याचा एक पट्टा देऊन गेली, काहोन्सितोच्या वाटेवर, जिथं कडेला क्रूस रोवलाय त्या क्रुसाच्या वळणापाशी. पट्टा पाटाच्या वरच्या अंगाला, त्यामुळं पाटाचं पाणी त्याला जन्मात मिळायचं नाही. त्या उन्हाळ्यात आभाळही आटलेलं. घेवड्याची पानं कागदासारखी वाजायला लागली होती. पिंपं भरून पाणी न्यायचं, तर ट्रक चढेना.

टायर मोठे झाले की एक्सलमधले क्राउन आणि पिनियन बदलायला लागतात, नव्या हिशोबाच्या दातांचे. तेही पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलांत सारखेच. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची दुसरंच, आणि त्या भांडणात मधला गिअरबॉक्स मरतो. म्हणून दुकान शोधायला निघालो.

आल्बुकर्कीच्या पहिल्या दुकानात गिऱ्हाइकांना बसायला सोफा होता. सोफा पाहिला तेव्हाच मी समजलो. आकडा ऐकून म्हणालो, "पोरा, मी एक्सल विचारतोय, ट्रक नाही." तो म्हणाला, "आजोबा, ट्रक याच्या निम्म्यात मिळेल." दुसऱ्या दुकानदारानं सांगितलं, मागचा एक्सल आत्ता करू, पुढचा तुमची ऐपत होईल तेव्हा. म्हणजे अर्धी दाढी करून घरी जा. तिसरा स्वस्त होता. इतका स्वस्त, की त्याच्या अंगणात लोकांचे ट्रक विटांवर उभे होते आणि एकाच्या सीटवर कोंबडी उबवायला बसली होती.

शेवटी गेलो ओफेलियाच्या माहेरी, काहोन्सितोला, बेनिग्नोकडं. सरपणाची एक गाडी आणि एक बोकड एवढ्यावर दोन्ही एक्सल करून देतो म्हणाला. एवढ्या स्वस्तात का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेनिग्नोनं तरुणपणी दुसऱ्यांचे ट्रक पळवले होते, त्यापायी तुरुंगात बसला होता, आणि अटीवर सुटून आलेला होता. शेरीफनं त्याला बजावून ठेवलं होतं, तुझ्या गावातून सायकल हरवली तरी मी आधी तुझ्या दाराशी येईन, आणि या खेपेला गेलास तर म्हातारा होऊनच बाहेर येशील.

अशा माणसाच्या गॅरेजातून माझा ट्रक गेला. आणि सोबत देव.

२

बेनिग्नोचं गॅरेज चर्चच्या समोर, दाराला दार. त्याची एक रीत होती. काम हातावेगळं व्हायला आलं की गिऱ्हाइकाला दारात उभं करायचा आणि पाद्र्याला लाजवील असं प्रवचन द्यायचा. प्रत्येकाला तेच.

"नवे दात एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या फेरीत तापणार. हळू चालवत क्रुसापर्यंत जायचं. इंजिन बंद. चाकामागं दगड. मग खाली हात घालून डिफरन्शियलच्या, एक्सलमधल्या त्या गोळ्यावर तळवा टेकवायचा. तळवा न उचलता एक आख्खी प्रार्थना म्हणता आली, की समजायचं निवला. तोवर हलायचं नाही. घाई केलीस तर दात जळतील, आणि परत माझ्या दारात यायचं नाही."

शनिवारी दुपारी मलाही ते ऐकवलं. "संध्याकाळपर्यंत उरकतो, काका. किल्ली खिळ्याला असेल," म्हणाला. मी, सगळं गाव जिला मावशी म्हणतं, त्या क्लोतिल्दे मावशीच्या ओसरीवर जाऊन आडवा झालो तो रविवारी कोंबड्यांनीच उठवलं.

रविवारी सगळं गाव शाळेत, पाटाच्या बैठकीला. पाटात थेंब नाही, पण त्या थेंबाची पाळी कुणाची यावर गळे धरलेले. मी काही पाटाचा भागीदार नाही. क्लोतिल्दे मावशीनं मला चुलीवरच्या पोसोलेपाशी, मक्याच्या रश्शापाशी बसवलं आणि हातात डाव दिला. "बैठक सुटली की सगळे इथंच गिळायला येतील. पोसोले ढवळत राहा. मका बुडाला लागला तर तुझी खैर नाही."

ढवळलं मी. मन लावून ढवळलं.

दुपार व्हायच्या आत ढग आला. त्या दरीत आभाळ म्हणजे दोन कड्यांमध्ये ताणलेली फडक्याची पट्टी. ती काळी झाली आणि फाटली. असा पाऊस तिथं कुणी पाहिला नव्हता. खालच्या ओढ्यानं हमरस्त्याकडची वाट गिळली, वरच्या अंगाला कडा घसरून डोंगराची वाट बुजली. काहोन्सितो या नावाचा अर्थच लहानसं खोकं. त्या दिवशी खोक्याला झाकण बसलं.

पाऊस थांबला तशी माणसं चर्चकडं धावली, संताचे आभार मानायला. तर आभार घ्यायला संत जागेवर नाही. गुडघ्याएवढा सान इसिद्रो, त्याच्या पायाशी मांजराएवढी बैलजोडी, ती हाकणारा देवदूत, सगळं एकाच फळीवर कोरलेलं. फळीसकट गेलेलं. कोनाड्यात नुसता धुळीचा चौकोन.

तेवढ्यात समोरून बेनिग्नो आला. चेहरा पिठासारखा.

"काका," तो म्हणाला, "तुमचा ट्रक नाही."

सगळं गाव वळून त्याच्याकडं बघायला लागलं.

३

ट्रक सापडला रुमाल्दोला. रुमाल्दो म्हणजे बेनिग्नोचा मेहुणा, लाकूडतोड्या. बैठकीत भांडून मधूनच उठून गेला होता, म्हणून त्याच्यावरही लोकांचे डोळे होतेच. तो कड्यावर चढला आणि तिथून ओरडला, ट्रक क्रुसाच्या वळणावर उभा आहे.

ओढ्याच्या कडेकडेनं, शेळ्यांच्या वाटेनं आम्ही तिथवर गेलो. दार लोटलेलं, किल्ली जागेवर, चाकामागं नीट बेतून लावलेला दगड. संत नाही. क्लोतिल्दे मावशी गुडघे टेकून ट्रकखाली डोकावली. मूठभर माती काढून तिनं सगळ्यांना दाखवली. कोरडी, पिठूळ धूळ.

"म्हणजे पावसाआधीच उभा केलाय," ती म्हणाली.

ही मावशी शाळेची बस चालवायची. जन्म त्यात गेला. पुढं रस्ता आणि वर आरसा, आरशात चाळीस पोरं. कुणी कुणाचा डबा खाल्ला, हे ती मान न वळवता सांगायची. अजूनही ती कुणाकडं पाहायला लागली की माणसाला वाटतं, आपण मागच्या बाकावर बसलोय.

इकडं शाळेतल्या फोनवरून कुणीतरी शेरीफला कळवूनही टाकलं होतं. वाट मोकळी झाली की माणूस पाठवतो, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे फावडी घेऊन ओढ्यावर. बेनिग्नोही. तो कुणापेक्षा कमी खणत नव्हता. त्याच्या शेजारी खणताना माझ्या मनात आलं, आम्ही बाहेर पडायची वाट खणतोय आणि हा आत जायची खणतोय.

"जरा हळू खण की," मी म्हणालो.

"हळू खणलं तर म्हणतील, बघा, घाबरला," तो म्हणाला. "जोरात खणलं तर म्हणतील, पळायला बघतोय. तुम्हीच सांगा काका, कसं खणू?"

मी माझ्या फावड्याची माती झाडायला लागलो.

संशय घ्यावा असा आणखी एक होता, सांता फेचा व्हिटलॉक. जुन्या संतांच्या मूर्ती विकत घेऊन श्रीमंतांच्या दिवाणखान्यात उभ्या करायचा धंदा. त्याच्याही जीपला गिअर बसवायचे होते, आणि पैसेवाल्यालाही स्वस्त दुकान आवडतं. शनिवारी संध्याकाळी आला, जीप रांगेत लावली, आणि संताला मागणी घालून गावाच्या शिव्या खाल्ल्या. रविवारी सकाळी म्हणे एकटाच कॅमेरा घेऊन कडेकपारीत हिंडत होता.

त्या दिवसांत मी, बेनिग्नो, रुमाल्दो आणि व्हिटलॉक मावशीकडंच जेवायचो. रविवारचं पोसोले बुडाला चांगलंच लागलं होतं, सगळ्याला करपट वास. पण कोंडलेली माणसं वास काढत नाहीत. खिडकीबाहेर कडा, दाराबाहेर कडा, आणि टेबलाभोवती चार पुरुष, एकमेकांच्या हातांकडं बघत चावणारे. मी मावशीच्या मेलेल्या नवऱ्याची विजार घालून, कमरेला सुतळी बांधून बसलेलो. माझी भिजली होती.

"तुमच्याकडं लोक फारच देवभोळे," व्हिटलॉक उगाच बोलायचं म्हणून बोलला. "शनिवारी मी येत होतो, तर त्या क्रुसापाशी हाच ट्रक उभा. हे बेनिग्नो गाडीखाली हात घालून प्रार्थना पुटपुटतायत, आणि हे रुमाल्दो कठड्यावर बसून बिअर पितायत. गाडीखालून प्रार्थना लवकर पोचते का?"

रुमाल्दो खो खो हसला. बेनिग्नो हसला नाही.

क्लोतिल्दे मावशीचा डाव हवेतच थांबला.

"शनिवारी?" तिनं विचारलं. "बेनिग्नो, शनिवारी तू ट्रक क्रुसापर्यंत नेला होतास?"

बेनिग्नोनं मान खाली घातली. रुमाल्दोनं दार बंद केलं. आणि बाहेर ओढ्याकडून कुणीतरी हाळी दिली की वाट मोकळी होत आलीय, शेरीफचा माणूस पलीकडल्या काठावर येऊन उभा आहे.

४

"झालं," रुमाल्दो म्हणाला. "मावशी, आता हे सगळं शेरीफच्या माणसापुढं बोलू नकोस. एकदा नेला तो दुसऱ्यांदाही नेईल, असंच म्हणेल तो."

"गप रे. बेनिग्नो, तू बोल."

"पहिली फेरी मारायला नेला," बेनिग्नो म्हणाला. "खरं तर गिऱ्हाइकानं मारायची असते. पण काका दमलेले. म्हाताऱ्या माणसाला उन्हात कुठं ताटकळत ठेवायचं? मीच नेला, निववला, आणून लावला. काका घोरत होते, उठवलं नाही."

मावशीनं डाव खाली ठेवला. खुर्ची ओढून बसली. तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"ऐका तर. ट्रक पावसाआधी थांबला. पुढं हमरस्त्यापर्यंत वाट मोकळी होती. चोर हातात चोरी घेऊन, मोकळ्या वाटेवर, चाकाला दगड लावून उभा का राहील?"

"प्रार्थनेला," व्हिटलॉक म्हणाला.

"दगड लावून? प्रार्थना उतारावरून घरंगळत नाही, साहेब. तो गिअर निववायला थांबला. बेनिग्नोचं प्रवचन त्यानं ऐकलेलं होतं, आणि दात जळू नयेत म्हणून तो थांबला. चोरी करतानाही. हे आमच्याकडंच घडू शकतं." तिनं व्हिटलॉककडं बोट केलं. "तुम्ही ते प्रवचन ऐकलेलंच नाही. तुमची जीप अजून रांगेत आहे. गाडीखाली हात कशाला घालतात, हेही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही संत चोरला असता तर सांता फेत जाऊन कॉफी पीत बसला असता."

व्हिटलॉकला हा मान की अपमान ते कळेना.

"रुमाल्दोनं प्रवचन ऐकलंय, वसंतात त्याच्या ट्रकचं काम झालं तेव्हा. पण शनिवारी तो कठड्यावर बिअर पीत होता. फेरी झालीय, दात निवलेत, हे त्याला ठाऊक. त्याला थांबायचं कारण नाही. बेनिग्नोला तर मुळीच नाही, त्यानं स्वतःच निववलेत. बेनिग्नोनं नेला असता तर पाऊस पडायच्या आत तो टेक्सासच्या वाटेला लागला असता."

बेनिग्नोनं पहिल्यांदाच मान वर केली.

"मग राहिलं कोण?" मावशी म्हणाली. "प्रवचन ऐकलेला. शनिवारची फेरी न पाहिलेला."

टेबलावर कुणी चावेना. मावशीची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि तिथं जरा रेंगाळली, बसच्या आरशातून बघावं तशी. माझ्या हातातली भाकरी खाली पडली. मग ती नजर खिडकीतून पलीकडं गेली, चर्चच्या उघड्या दारावर.

"सान इसिद्रो," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

"हसू नका. गॅरेजासमोर दाराला दार. वर्षानुवर्षं त्यानं ते प्रवचन ऐकलंय, बेनिग्नोपेक्षा त्याला जास्त पाठ असेल. शनिवारी संध्याकाळी मी चर्चचं दार लावून घेते, त्यामुळं फेरी त्याला दिसली नाही. शेतकऱ्यांचा देव तो. आमच्या आज्या पाऊस लांबला की त्याला शेतात नेऊन दाखवायच्या, बघ बाबा काय केलंस. या वर्षी आम्ही सगळे पाण्यावरून भांडण्यात दंग, कुणी नेलं नाही. मग बिचारा स्वतःच निघाला. त्याचा देवदूत त्याच्याऐवजी नांगर हाकतो, हे पोरांनाही ठाऊक आहे. बैल हाकणाऱ्याला ट्रक काय अवघड? क्रुसापाशी आला, सांगितल्याप्रमाणं इंजिन बंद केलं, दगड लावला. आता गिअर निवेपर्यंत शेतकरी माणूस काय करेल? जवळचं पीक बघायला जाईल. जवळ काय आहे?"

"काकांचा घेवडा," रुमाल्दो हळूच म्हणाला.

५

शेरीफचा माणूस पलीकडल्या काठावरून फळीवरून आत आला, तो सरळ आमच्या मागोमाग वळणावर. तरुण होता, लहानपणी मावशीच्याच बसमध्ये बसलेला. म्हणून तिच्यापुढं त्यानं टोपी आधीच काढून हातात घेतली होती.

घेवड्याच्या पट्ट्यात, चिखलात फळीसकट रुतलेला, सान इसिद्रो उभा होता. तोंड पिकाकडं. बैलांच्या पाठीवर पाणी साचलेलं, देवदूताच्या पंखावरून थेंब गळतोय. आणि घेवडा हिरवागार. मी शपथेवर सांगतो, पानं माझ्या तळहाताएवढी.

"मावशी," तो तरुण म्हणाला, "हे मी वर काय सांगू?"

"सांग, ट्रक सापडला, संत सापडला. दोघं फिरायला गेले होते आणि पावसात अडकले."

"आणि बेनिग्नो?"

"बेनिग्नो तीन दिवस आमच्यासोबत वाट खणत होता. तू जिच्यावरून चालत आलास ती."

त्यानं बेनिग्नोकडं पाहिलं, संताकडं पाहिलं, स्वतःच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडं पाहिलं. मग विचारलं, पोसोले उरलंय का. गेला तो करपलेलं खाऊनच गेला.

बेनिग्नो गॅरेजात गेला आणि पोत्यांच्या आडोशाला बराच वेळ बसून राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "काका, माझा बोकड कधी आणताय?" दोन नेले मी. एक ठरलेला आणि एक जास्तीचा.

तर अशी गोष्ट. देवदूतानं चालवलेला ट्रक आख्ख्या न्यू मेक्सिकोत माझ्या एकट्याकडंच आहे. तो बघा बाहेर उभा, अजून त्याच दातांवर चढ चढतोय. पुढं तो...

"थांबा, काका," बर्निस म्हणाली. तिनं मिरची खाली ठेवली, हात फडक्याला पुसले. "जास्तीचा बोकड कशाबद्दल?"

"खुशीनं."

"बरं. देवदूत राहू दे. प्रवचन ऐकलेला आणि शनिवारची फेरी न पाहिलेला आणखी एक माणूस होता ना तिथं? ओसरीवर घोरत पडलेला? मन लावून ढवळत होता म्हणे, तर पोसोले करपलं कसं? चुलीपाशी बसलेल्याची विजार भिजली कशी? आणि घेवडा कुणाचा होता?" सगळ्यांचे हात थांबले होते. "ट्रक तुम्हीच नेलात, काका. संतही तुम्हीच, त्याला वाळलेला घेवडा दाखवायला. मावशीला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तिनं सगळं देवाच्या नावावर घालून बेनिग्नोला आणि तुम्हाला, दोघांनाही सोडवलं."